एका कवेलूचे काम

मृगाची पहिली दमदार सर येऊन जाते आणि घरातील कोणाच्या तरी ध्यानात येते की, आतल्या खोलीत भिंतीलगतची जमीन ओली झाली आहे. घरधनी वर पाहतो. वाशाला एक थेंब लोंबत असतो. तो पडतो आणि दुसरा तयार होतो. "एखादे कवेलू सरकले असेल, रविवारी पाहू," असे तो म्हणतो, थेंबाखाली पातेले ठेवले जाते आणि घर पुन्हा आपल्या उद्योगाला लागते. विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यात हे वाक्य किती घरांतून उच्चारले जात असेल, याची गणती नाही. त्या रविवारी पुढे काय काय होऊ शकते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

उदाहरणासाठी उकवा हे गाव घ्यावे. बालाघाटहून घाट चढून बैहरकडे निघाले म्हणजे वाटेत उकवा लागते. सभोवती सालाचे, म्हणजे तिकडील भाषेत सरईचे, रान आणि भूमीच्या पोटात मँगनीज. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची नवी आखणी झाली तेव्हा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि शेजारचा बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. त्यापूर्वी दोन्ही जिल्हे एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. उकव्याची खाण चालविणारी कंपनी १९६२ साली स्थापन झाली, तिचेही मुख्य कार्यालय नागपूरलाच आहे. तेव्हा बाजारात हिंदी, शेजारच्या ओसरीवर पोवारी, रानाकडच्या पाड्यांवर गोंडी आणि काही घरांच्या चुलीपाशी मराठी, असा प्रकार या मुलखात आढळला तर नवल वाटावयास नको.

अशा गावातील एक जुने घर डोळ्यांसमोर आणावे. मातीच्या जाड भिंती, सरईच्या लाकडाचा सांगाडा आणि वर नळीची कवेलू. घरात खाणीतून निवृत्त झालेला एक कारकून, त्याची पत्नी आणि नव्वदीकडे झुकलेली त्याची आई. गळते ती खोली आईची.

या छपराची रचना नीट समजून घेतल्यावाचून पुढील कथा समजणार नाही. मधोमध उंचावर आडे असते. आड्यापासून दोन्ही अंगांच्या भिंतींकडे वासे उतरत येतात आणि त्यांची खालची टोके भिंतीच्या माथ्यावर आडव्या ठेवलेल्या तुळवटावर टेकतात. वाशांवर बांबूच्या आडव्या कामट्या आणि कामट्यांवर कवेलूंचे दोन थर. खालचा थर उताणा. त्याने पाणी वाहून न्यावयाचे. वरचा पालथा, त्याने दोन उताण्या ओळींमधील फट झाकावयाची. यात एकही खिळा नाही की चिकटविण्याची वस्तू नाही. प्रत्येक कवेलू स्वतःच्या वजनावर आणि शेजाऱ्याच्या आधारावर बसलेले असते. म्हणूनच ते वानराच्या एका उडीने सरकते आणि म्हणूनच ते कोणालाही सहज बदलता येईल असे वाटते.

रविवारी घरधनी शिडी लावतो. फुटलेले कवेलू त्याला खरोखरच सापडते. अंगणात रचून ठेवलेल्या जुन्या ढिगातून एक काढून तो ते बसवितो. परंतु तेथवर पोहोचताना त्याच्या पायाखाली तीन फुटलेली असतात. कवेलूंवर चालणे ही स्वतंत्र विद्या आहे. जाणता माणूस वाशाच्या रेषेवरच भार टाकतो, किंवा छपरावर आडवी फळी अथवा शिडी टाकून तिच्यावरून सरकतो. एका कवेलूच्या कामाची चार कवेलूंची होण्यास अर्धा तास पुरतो.

सायंकाळी पुन्हा सर येते आणि थेंब पूर्वीच्याच जागी पडू लागतो.

तेव्हा गावातील म्हाताऱ्या कामकऱ्याला बोलावणे जाते. पूर्वी अशा माणसांना उन्हाळ्यात उसंत नसे. चैत्र-वैशाखात घरोघरी कवेलू फेरण्याचे काम चाले. सगळी कवेलू उतरवावयाची, त्यांतील पाचोळा आणि माती झाडावयाची, फुटकी वेगळी काढावयाची आणि पुन्हा ओळीने बसवावयाची. कोकणात आणि देशावर ज्याला घर शाकारणे म्हणतात तेच हे. म्हातारा वर चढत नाही. तो आधी खोलीत येतो, दिवा मागतो आणि वाशाच्या अंगावरून बोट फिरवीत जातो.

"बाबूजी, थेंब पडते तेथं भोक नसते," तो म्हणतो.

"मग कोठे असते, बाबा?"

"वर. आड्याजवळ पाहा."

त्याचे म्हणणे अगदी शास्त्रशुद्ध आहे. उतरत्या छपरात शिरलेले पाणी सरळ खाली पडत नाही. ते कामटीला धरून आडवे जाते, वाशाला मिळाले की त्याच्या पोटाला चिकटून उताराने वाहते आणि जेथे एखादी गाठ, खाच किंवा सांधा अडवील तेथे सुटते. थेंबाची जागा आणि भोकाची जागा यांत कित्येक हातांचे अंतर असू शकते. घरधन्याने बदललेले कवेलू फुटके होते हे खरे. पण गळतीचे कारण ते नव्हते.

आड्यापाशी पाहिल्यावर खरा प्रकार उघड होतो. काही वर्षांपूर्वी तेथील माथ्याची कवेलू वारंवार सरकत, म्हणून कोणा गवंड्याकडून ती सिमेंटमध्ये बसवून घेतली होती. त्याच वेळी आतल्या भिंतीचा मातीचा गिलावा काढून सिमेंटचा गुळगुळीत गिलावा केला होता. दोन्ही कामे एका दिवसात झाली, दिसावयास सुंदर झाली आणि 'आता दर वर्षीची कटकट मिटली' म्हणून कवेलू फेरणेही बंद झाले. आजची गुंतागुंत त्या दिवशी सुरू झाली.

लाकूड, बांबू आणि भाजलेली माती यांचे छप्पर सदैव किंचित हलत असते. उन्हाने ताणते, पावसाने फुगते, वाऱ्याने हलते. सुटी कवेलू ही हालचाल सहज पचवितात. सिमेंट ताठ असते. ते हलत नाही, चिरते. चीर केसाएवढी असते, खालून दिसत नाही आणि वरून कोणी चढत नाही. तिच्यातून दर पावसाळ्यात ओंजळभर पाणी आत जात राहते. ओंजळभर पाण्याने घर गळत नाही, पण लाकूड कुजते. कवेलू फेरण्याचा खरा उपयोग फुटकी कवेलू बदलण्यापुरता नव्हता. वर्षातून एकदा जाणत्या माणसाची नजर प्रत्येक वाशावरून आणि कामटीवरून फिरत असे, हा त्याचा मोठा लाभ होता. तो कोणी हिशेबात धरला नाही.

भिंतीची कथा याहून वाईट आहे. मातीची भिंत ओल शोषते आणि उन्हाळ्यात ती बाहेर टाकते; तिचा श्वासोच्छ्वास चालतो असे म्हटले तरी चालेल. तिच्यावर मातीचा किंवा चुन्याचा गिलावा असेल तर या व्यवहारास अडथळा येत नाही. सिमेंटचा गिलावा ओल बाहेर जाऊ देत नाही. जोत्यातून वर चढणारी आणि छपरातून खाली उतरणारी ओल आतल्या आत कोंडते. वरून भिंत स्वच्छ दिसते. बोटाने वाजविली तर पोकळ आवाज येतो. गिलाव्याचा एक पापुद्रा काढताच मागची माती लापशीसारखी हाताला लागते. आणि ओल कोंडली की वाळवीला निमंत्रणाची वेगळी गरज राहत नाही. जमिनीतून मातीची बोगदी बांधीत ती गिलाव्याच्या आडून, कोणाला न दिसता, तुळवटापर्यंत पोहोचते.

म्हातारा कमरेचा सुरा काढून वाशाचे भिंतीतील टोक टोचून पाहतो. वाशाच्या मध्यावर सुऱ्याचे टोक जेमतेम रुतते, भिंतीपाशी मात्र ते मुठीपर्यंत आत जाते. सरईचा गाभा फार टिकाऊ आणि कठीण. इतका की आधी भोक पाडल्यावाचून त्यात खिळा जाणे कष्टाचे. पण गाभ्याबाहेरचा कच्चा भाग किड्यांच्या आणि बुरशीच्या तावडीतून सुटत नाही, आणि सतत ओल्या भिंतीत पुरलेले टोक कोणत्याही लाकडाचे असले तरी प्रथम जाते. एक, दोन, तीन, चार वासे टोकाला गेलेले. त्यांच्याखालचा तुळवट अर्धा पोकळ. आणि या सर्वांच्या खाली म्हाताऱ्या आईची खाट.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावयास हवी. पाणी ज्या वाशावरून उतरते त्याच वाशावरून पुष्कळ घरांत विजेची तारही नेलेली असते, आणि ती खाली भिंतीवरील बटणांच्या फळीत शिरते. गळती दिसताच पातेले ठेवण्यापूर्वी त्या खोलीचा वीजप्रवाह बंद करावा. ओल्या भिंतीला किंवा ओल्या बटणाला हात लागून जाणारे जीव वासा कोसळून जाणाऱ्या जिवांइतकेच मोलाचे आहेत.

आता घरधन्यासमोर खरा प्रश्न उभा राहतो. त्याने मनाशी धरलेला खर्च एका रविवारचा होता. बँकेत थोडी पुंजी आहे, पण ती आईच्या औषधपाण्यासाठी राखलेली. मुलगा नागपुराहून फोनवर सांगतो की, ते सगळे उतरवून पत्रे टाकून घ्या, चार दिवसांचे काम. शेजारी सांगतो, स्लॅब घाला. कोणाचेही म्हणणे निर्बुद्धपणाचे नाही, म्हणून ते तपासून पाहिले पाहिजे.

पत्र्याचे छप्पर हलके. कुजलेल्या तुळवटावरील भार त्याने कमी होईल हे खरे. पण कवेलूंचे छप्पर वादळात जागेवर राहते ते आपल्या वजनामुळे. हलक्या पत्र्याला वारा खालून उचलतो. म्हणून तो लाकडाला आकड्यांनी घट्ट बांधावा लागतो, आणि ज्या लाकडाला तो बांधावयाचा ते लाकूडच गेलेले आहे. शिवाय वैशाखात पत्र्याखाली नव्वदीच्या माणसाने कसे निजावे, हेही पाहावयास हवे. सिमेंटचे पत्रे थोडे कमी तापतात. पण जुन्या सिमेंटी पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात आणि ते कापताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक असते. स्लॅबविषयी बोलावयाचे तर ती मातीच्या भिंतींवर घालता येत नाही. तिच्यासाठी खांब आणि पाया हवा. म्हणजे दुरुस्ती संपली आणि नवे घर बांधणे सुरू झाले. पंतप्रधान आवास योजना ग्रामीण भागासाठी २०१६ साली आली, तिच्यातून अनेक कुटुंबांना पक्के घर मिळाले आणि ते मिळावयास हवेच होते. परंतु गावात कवेलूंची घरे कमी झाली तशी कवेलू फेरणारी माणसे आणि कवेलू घडविणारे कुंभारही कमी झाले. उरलेल्या घरांची दुरुस्ती त्यामुळे पूर्वीपेक्षा अवघड झाली आहे, ही दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी.

बरे, कवेलूच आणावयाची म्हटले तरी अडचण संपत नाही. नळीचे कवेलू कुंभार चाकावर घडवितो. एका टोकाला किंचित निमुळती अशी मातीची नळी तो ओढतो आणि ओली असतानाच तिला उभी चीर देऊन तिचे दोन भाग करतो. म्हणजे कवेलूचे माप कुंभाराच्या हाताचे माप असते. एका गावचे कवेलू दुसऱ्या गावच्या ओळीत बसेलच असे नाही. चार बोटांचा फरक पडला तर प्रत्येक जोडाला फट राहते. मंगळुरी कौलांचे असे नाही. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कारखाना काढून साच्यातील, एका मापाची, एकमेकांत अडकणारी कौले सुरू केली आणि पुढे ती देशभर पसरली. ती उत्तम खरी, परंतु त्यांना ठरावीक अंतराच्या सरळ रिपा लागतात. ओबडधोबड वासे आणि बांबूच्या कामट्या यांवर ती नीट बसत नाहीत, आणि देशी कवेलूंच्या ओळीत तर त्यांना जागाच नाही.

लाकडाचे प्रकरण निराळे. घराच्या मागे सरईचे रान उभे असले तरी त्यातील एक वासा तोडून आणता येत नाही, आणि ते योग्यच आहे. लाकूड वखारीतून किंवा वन खात्याच्या आगारातून घ्यावे लागते आणि वाहून आणताना परवाना जवळ ठेवावा लागतो. बांबूची गोष्ट तर गमतीची. वनस्पतिशास्त्राप्रमाणे तो गवताच्या कुळातील. पण १९२७ च्या वन कायद्याने त्याला झाडांत बसविले होते. २०१७ साली ती व्याख्या बदलली आणि रानाबाहेर, स्वतःच्या शेतात वाढविलेला बांबू झाड राहिला नाही. तरी आज, आषाढाच्या तोंडावर, तोडलेला ताजा बांबू घेऊ नये असेच म्हातारा सांगेल. पावसाळा सरल्यावर, थंडीत तोडलेला आणि काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवलेला बांबू भुंग्यापासून वाचतो, कारण भुंगा खातो तो बांबूतील पिठाचा अंश आणि पाण्यात तो बराचसा निघून जातो.

थोडक्यात, पावसाळ्यात हे घर दुरुस्त होणे शक्य नाही. ओली भिंत वाळल्याखेरीज तिच्यावर नवा तुळवट ठेवता येत नाही, योग्य बांबू मिळत नाही आणि कुंभाराचा आवा पेटत नाही. मग चार महिने करावयाचे काय? हताश व्हावयाचे कारण नाही. फक्त कामाचा क्रम बदलावयाचा.

पहिले काम म्हणजे खाट हलविणे. हे इतके उघड आहे की पुष्कळदा तेच राहून जाते. दुसरे, वाशांना धिरे देणे. खाणीत काम केलेल्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये; भूगर्भात माथ्यावरच्या खडकाला आधार दिल्याविना पुढे पाऊल टाकावयाचे नाही, ही तेथील पहिली शिस्त आहे. पण गंमत अशी की, घरी आल्यावर तोच माणूस कुजक्या वाशाखाली उभा राहून वरचे कवेलू उपटू लागतो. भिंतीपासून हातभर अंतरावर खोलीच्या आत एक आडवी जाड बल्ली वाशांच्या पोटाखाली लावावी आणि तिला तीन ठिकाणी उभे खांब द्यावेत. खांबांच्या बुडाशी फळी हवी, नाहीतर ते ओल्या जमिनीत रुततात. पाचरी ठोकताना छप्पर वर उचलावयाचे नसते. भार खांबावर आला एवढे पुरे. यामुळे छपराचे ओझे कुजक्या टोकांवरून आणि मऊ झालेल्या भिंतीवरून उतरते.

त्यानंतर माथ्यावरील ताडपत्री. ती केवळ गळक्या पाख्यावर पसरून तिच्यावर दगड ठेवण्याची पद्धत सर्वत्र दिसते आणि ती सर्वस्वी चुकीची आहे. दगडांनी कवेलू फुटतात आणि आड्याकडून आलेले पाणी ताडपत्रीच्या खाली शिरते. ताडपत्री आड्यावरून पलीकडच्या पाख्यावर पुरेशी उतरली पाहिजे. तिच्या कडांना दोऱ्या बांधून त्यांना वळचणीखाली वाळूच्या पिशव्या लोंबत्या ठेवाव्यात. आतल्या भिंतीवरील सिमेंटचा गिलावा मात्र लगेच, अलगद खरवडून काढावा. खोली विद्रूप दिसते, घरधनिणीला ते मुळीच आवडत नाही आणि तिचे म्हणणेही खोटे नाही. पण उघडी भिंतच वाळेल, झाकलेली वाळणार नाही.

दिवाळीनंतर खरे काम. कवेलू उतरवावयाची ती दोन्ही पाख्यांवरून बरोबरीने, आड्याकडून खाली येत. एक पाखे सगळे मोकळे केले तर दुसऱ्याचे वजन आड्याला ढकलते. उतरलेल्या प्रत्येक कवेलूवर बोटाने टिचकी मारावी. खणखणीत वाजेल ते ठेवावे, बद्द वाजेल ते कच्चे भाजलेले किंवा चिरलेले. कुजलेले चारही वासे बदलण्याचे कारण नाही. टोक कापून, जुन्या वाशाच्या अंगाला नवा तुकडा बोल्टांनी जोडला तर जुना गाभा आणखी एक पिढी काम देतो आणि लाकडाचा खर्च पुष्कळ वाचतो. तुळवट मात्र नवा, आणि त्याच्याखाली मातीवर दगडाची किंवा पक्क्या विटेची एक ओळ, म्हणजे ओल लाकडापर्यंत चढणार नाही. भिंतीला पुन्हा माती, भुसा आणि शेण यांचा गिलावा. माथ्यावर सिमेंटऐवजी चुना किंवा तोच चिखल. दर वर्षी तो थोडा धुपेल, आणि तो लिंपण्यासाठी दर वर्षी कोणाला तरी वर चढावे लागेल.

म्हाताऱ्याने जाताना दोन गोष्टी मागून घेतल्या. एक, छपरावरील बरी दिसणारी दोन कवेलू, कुंभाराला माप दाखविण्यासाठी. दुसरी, घरधन्याच्या पुतण्याला दिवाळीनंतर आठ दिवस त्याच्याबरोबर छपरावर चढू द्यावे. आपल्या गुडघ्यांवर आता भरवसा नाही, असे त्याने कारण सांगितले. पुतण्या बालाघाटला शिकतो. सुटीत येईन म्हणाला आहे. आईची खाट पुढच्या खोलीत लागली आहे.